मांडीतला धूर

एका ठणठणीत माणसाच्या मांडीतल्या शिरेत रक्ताची गुठळी आहे, असा रिपोर्ट मी सही करून दिला. गुठळी नव्हती. रक्त होतं, तुमच्या-माझ्यासारखंच पातळ, फक्त त्या दिवशी जरा रेंगाळत चाललेलं. बरं, हा माणूस पेशंटसुद्धा नव्हता. तो सेलूहून मला पाहायला आला होता, आपली मुलगी मला द्यावी की न द्यावी ते ठरवायला. मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी फार काही वाचलं नसतं. रिपोर्ट मी आणखी लांबलचक लिहिला असता, एवढंच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रेडिओलॉजीचा डिप्लोमा हातात घेऊन मी वर्ध्याला एका मॅडमच्या सोनोग्राफी सेंटरवर नोकरीला लागलो होतो. राहायला सिंदी मेघेत मावशीकडे. वय एकोणतीस, आणि तीन ठिकाणांहून नकार आलेला. नकाराचं कारण दर वेळी एकच. मुलीकडची मंडळी आदरानं विचारायची, डॉक्टरसाहेब औषध कोणतं देता. मी म्हणायचो, औषध देत नाही, मशीनवर पाहून सांगतो. मग इंजेक्शन? तेही नाही. मग त्यांचे चेहरे हळूहळू उतरायचे. आर्वीच्या एका आजोबांनी तर जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, की फोटोचा धंदा काही वाईट नाही, लग्नसराईत चांगला चालतो.

चौथं स्थळ मावशीनं आणलं ते सेलूचं. मुलगी तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवायची. फोटोत ती कॅमेऱ्याकडे अशी पाहत होती, की जणू कॅमेरा वर्गात उशिरा आलाय आणि तिला कारण ऐकायचं आहे. मला ती फारच आवडली. मावशीला मी हे सांगितलं नाही, पण दिवसातून दोनदा 'त्या सेलूवाल्यांचं काय झालं' असं विचारत राहिलो, त्यावरून मावशी काय समजायचं ते समजली. मुलीच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं, दोन पिढ्यांचं. रविवारी सगळे मावशीकडे येणार असं ठरलं.

पण भांडेवाला माणूस. पाण्याचा पितळी गुंड असो की दुधाचा स्टीलचा गंज, घाऊक व्यापाऱ्यानं गठ्ठा उघडला की हा एकेक भांडं उचलून बोटानं टिचकी मारून कानाशी धरणार, आवाज फुटका आला की बाजूला काढणार. असा माणूस जावई न ठोकता घेईल कशाला? रविवारी पोहे खाताना सगळीच मुलं चांगली दिसतात, हे त्याला कळत होतं. म्हणून गुरुवारी, घरी कोणालाही न सांगता, तो एकटाच एसटीनं वर्ध्याला आला. येण्याआधी सेलूतल्या ओळखीच्या डॉक्टरकडे जाऊन 'उजवा पाय दुखते' असं सांगून चिठ्ठी घेतली. डॉक्टर बिचारे सज्जन. त्यांनी विश्वासानं लिहिलं, उजवा पाय दुखतो, शिरेत गुठळी आहे का ते पाहावं.

ही गुठळीची कल्पना माझ्या डोक्यात घातली ती त्या चिठ्ठीनं. तिच्यावरचं नाव-गाव मी वाचलंच नाही, थेट दुखण्यावर गेलो. मी फक्त तिची खातरजमा केली.

आता थोडं आमच्या धंद्याबद्दल सांगतो, नाहीतर माझा गाढवपणा तुम्हाला पुरता दिसणार नाही. सोनोग्राफीचं मशीन आवाज आत सोडतं आणि परत आलेला आवाज ऐकून चित्र काढतं. कानाला ऐकू न येणारा आवाज, पण आवाजच. जे आवाज परत फेकतं ते पडद्यावर पांढरं दिसतं, मुतखडा किंवा हाड. ज्यातून आवाज सरळ निघून जातो ते काळं. रक्त माणसाच्या अंगात लाल असलं तरी आमच्या पडद्यावर ते काळं असतं. नीट वाहत असलं की रक्तातल्या पेशी सुट्या सुट्या धावतात, इतक्या बारीक की आवाजाला त्यांची फारशी दखल घ्यावी लागत नाही. पण रक्ताचा वेग मंदावला की याच पेशी एकमेकींना चिकटून चवडी करतात, तव्यावरून उतरलेल्या पोळ्या एकावर एक ठेवाव्या तशा. मग आवाज त्या चवडींवर आपटून परत येतो आणि काळ्या रक्तात राखाडी धूर दिसायला लागतो. रक्त तेच, माणूस तोच, फक्त चाल बदलली. परीक्षेत यावर मी दोन पानं लिहिली होती आणि चांगले मार्क मिळवले होते.

त्या गुरुवारी मॅडम नागपूरला गेलेल्या. मे महिना. सेंटरवर मी राजा. नुकतंच आमच्याकडे रंगीत डॉप्लरचं मशीन आलं होतं, जुनंच पण आमच्यासाठी नवं. त्यात रक्त वाहताना लाल-निळं दिसायचं आणि पेशंटचे नातेवाईक टीव्ही पाहावा तसे पाहत बसायचे. मला त्या रंगांचा भारी अभिमान. मशीन मीच बनवलंय अशा थाटात मी बटणं फिरवायचो.

सेलूच्या या पाहुण्यांचा नंबर लागायला अडीच तास गेले. तेवढा वेळ ते बाकावर पायावर पाय टाकून बसले. एसटीच्या प्रवासात अडचण नको म्हणून सकाळपासून पाणी प्यायलेले नव्हते. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी त्यांनी, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, शंभर वेळा वाचली आणि दाराच्या फटीतून मला न्याहाळलं. मी कसा बोलतो, कोणावर खेकसतो का, चहा पिताना बशीत ओततो का. तोवर माझ्याबद्दल त्यांचं मत बरं झालं होतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. तिथूनच उठून गेले असते तर काम झालं होतं. पण चिठ्ठी आणली होती, नाव पुकारलं गेलं, आणि ते आत येऊन टेबलावर आडवे झाले.

मी जेली लावली. गार जेलीनं ते दचकले. जांघेपाशी मशीनचा प्रोब ठेवला, आवाज सोडणारा आणि ऐकणारा. मोठी शीर दिसली. काळी, छान.

मी विचारलं, "काका, दुखतं कुठे?"

ते गप्प. छाती फुगलेली, नजर छताला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हेच, इथंच."

त्यांची छाती मी पाहत नव्हतो, मी पडदा पाहत होतो. आणि पडद्यावर माझ्या डोळ्यांदेखत शीर फुगली आणि तिच्यात राखाडी धूर भरला. माझ्या अंगावर काटा आला. मी पुन्हा विचारलं, कधीपासून दुखतो. पुन्हा तीच शांतता, पुन्हा धूर. सूज येते का? धूर. जिना चढताना? धूरच धूर.

आता इथे हुशार माणूस काय करेल? तो प्रोबनं शीर दाबेल. आत पातळ रक्त असेल तर शीर चप्प मिटते, दोन भिंती एकमेकींना टेकतात. गुठळी असेल तर मिटत नाही. यापेक्षा सोपी परीक्षा आमच्या शास्त्रात दुसरी नाही. आणि मी काय विचार केला? मी विचार केला, की ही गुठळी आहे. ती दाबली तर सुटून फुप्फुसात जाईल आणि हा माणूस माझ्याच टेबलावर जाईल. म्हणून मी दाबलं नाही.

रंग लावून पाहिला. शिरेत रंग आला नाही. याचा अर्थ मी लावला की रक्त वाहतच नाही. खरा अर्थ असा होता, की आधीचे पेशंट एक निवृत्त हेडक्लार्क होते, त्यांच्या मानेतल्या धावत्या रक्तासाठी मशीन मी वेगवान वाहतुकीवर लावून ठेवलं होतं आणि ते बदलायला विसरलो होतो. हायवेवर ट्रक मोजायला बसवलेल्या माणसानं बैलगाडी वहीत धरू नये, तसं मशीन या सावकाश रक्ताला धरतच नव्हतं.

आणखी एक. तो धूर जागच्या जागी वळवळत होता. गुठळी वळवळत नाही. हे मला दिसलं होतं. माझा हात हलत असेल अशी मी समजूत काढली. डावा पाय तर उघडासुद्धा केला नाही, कारण चिठ्ठीवर उजवा लिहिलं होतं.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. या सेंटरवर मी स्वतः पकडलेली ही पहिली गुठळी. मी आवाज गंभीर केला आणि त्यांना सांगितलं की काका, पायाच्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ झाली आहे, आता जागचं हलायचं नाही.

ते ताडकन उठून बसायला लागले. मी त्यांना दोन्ही हातांनी परत निजवलं. ते काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. त्यांचा चेहरा अगदी शाळेत कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा झाला. शेवटी हळूच म्हणाले, "डाक्टर, समजा एखाद्याचा पाय दुखतच नाई. त्याले बी हे असू शकते का?"

कबुलीची ती वेळ होती, आणि मी ती पुस्तकातल्या वाक्यानं मारली. म्हटलं, "काका, न दुखणारी तर जास्त धोक्याची."

ते डोळे मिटून पडले.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एका फिजिशियनचं छोटं इस्पितळ होतं. माझा रिपोर्ट वाचून त्यांनी पाहुण्यांना स्ट्रेचरवरून वर नेलं, पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्या आणि पोटात रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं. फोन सेलूला गेला. बायको आणि मुलगी संध्याकाळच्या गाडीनं आल्या. बायकोचा पहिला प्रश्न, पाय कधी दुखत होता तुमचा, मले काऊन नाई सांगतलं. नवऱ्यानं भिंतीकडे तोंड केलं. सांगणार काय? पाय दुखत नव्हता म्हणावं तर वर्ध्याला का आलतो ते सांगावं लागणार. दुखत होता म्हणावं तर खोटं. आणि खोटं बोलल्याची शिक्षा म्हणूनच देवानं ही गाठ दिली, अशी त्यांची तोवर खात्री झालेली. बायकोनं तिथल्या तिथे केळझरच्या गणपतीला एकवीस नारळांचा नवस बोलला.

मी घरी पोचलो तर मावशी फोनपाशी बसलेली. रविवारचं रद्द, म्हणाली. मुलीच्या वडिलांच्या पायात रक्ताची गाठ निघाली, वर्ध्याला भरती केलंय. कोण्या नव्या डॉक्टरनं वेळेवर पकडली म्हणून वाचले, देवमाणूसच म्हणे.

मी पायातले बूटही काढले नव्हते. तसाच खाली बसलो. माझ्या पहिल्या मनात, लाज वाटते सांगायला, पण काळजी आली नाही. आलं ते हे, की सासऱ्याचा जीव वाचवणारा जावई. पोह्याशिवाय जमलं म्हणायचं.

दुसरं मन मावशीच्या पुढच्या वाक्यानं जागं झालं. सेलूत तोवर गुठळीची गाठ झाली होती आणि गाठीचा रक्ताचा कॅन्सर. मुलीच्या काकांनी मावशीला प्रामाणिकपणे कळवलं होतं, की घरात रक्ताची बिमारी निघाली आहे, तुमची इच्छा नसली तर आम्ही वाईट मानणार नाही. आणि मावशी मला विचारत होती, "रक्ताची बिमारी पोरीत उतरते का रे? तुह्या आईले मी काय सांगू?"

मी तिला समजावत राहिलो. गुठळी म्हणजे कॅन्सर नाही, उतरत नाही, बरी होते. ती मान हलवत होती आणि ऐकत नव्हती. शेवटी म्हणाली की तू तर औषधाचा डॉक्टर नाहीस, तुला काय माहीत. माझ्याच अक्षरातला कागद माझ्याच लग्नाच्या आड उभा होता आणि तो कागद माझा आहे हेही मी तिला सांगू शकत नव्हतो. देवमाणूस कोण ते मी योग्य वेळी जाहीर करणार होतो.

शुक्रवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, पावकिलो गोरसपाक बिस्किटं घेऊन मी वरच्या मजल्यावर गेलो. पेशंटची विचारपूस, असं निमित्त. मुलगी पलंगाशी स्टुलावर बसून वह्या तपासत होती. फोटोतली नजर फोटोतल्यापेक्षा धारदार निघाली. तिनं मला ओळखलं, कारण माझाही फोटो तिच्याकडे गेलेला होता. तिच्या आईनं मला हात जोडले. वडिलांनी पुन्हा भिंत धरली.

मी आजारावर एक छोटं भाषण दिलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, की कालपर्यंत बाबा दुकानाच्या शिडीवर चढून माळ्यावरची पातेली काढत होते, सूज नाही, लाली नाही, मग इतकी मोठी गाठ आली कुठून. मी म्हटलं, मशीनमध्ये स्पष्ट दिसली. ती म्हणाली, "दाखवा ना मग मले बी."

नेमक्या त्याच वेळी फिजिशियनही नागपूरहून परतलेल्या मॅडमना जिन्यात गाठून म्हणत होते, की पाय तर अगदी बरा वाटतो, एकदा तुम्हीच पाहा. तासाभरात पाहुणे पुन्हा खाली आमच्या टेबलावर होते. मुलगी उशाशी उभी, आई दाराशी, मी पायथ्याशी.

मॅडमनी प्रोब ठेवला आणि पितळेच्या भावाबद्दल गप्पा काढल्या. पाहुणे धंद्याचं बोलायला लागले, अगदी मोकळे. शीर काळीभोर. मॅडमनी प्रोब दाबला. शीर चप्प मिटली. सोडला, उघडली. दाबला, मिटली. बोटभर खाली सरकून पुन्हा. गुडघ्यापर्यंत असंच.

मग माझ्याकडे न बघता विचारलं, "डॉक्टर, काल दाबून पाहिलं होतं?"

"नाही मॅडम."

"का?"

"गुठळी सुटली असती."

"गुठळी आहे की नाही हे कळायला दाबतात. तुम्ही गुठळी आहे म्हणून दाबलं नाही."

मी खिशातून कालचे प्रिंट काढले. माझी शेवटची आशा. त्यात राखाडी भरलेली शीर स्वच्छ दिसत होती. मॅडमनी ते उजेडात धरून पाहिले आणि त्यांच्याही कपाळाला आठी पडली. धूर आहे खरा, म्हणाल्या. आमच्यात याला धूरच म्हणतात. बसस्टँडवर गाड्या वेळेवर सुटत असल्या की माणसं दिसत नाहीत, गाडी लेट झाली की चौकशीच्या खिडकीपाशी हा घोळका. तसं रक्त तुंबलं की दिसायला लागतं. पण या माणसाचं रक्त आता तर व्यवस्थित चाललंय. मग काल काय झालं होतं?

मुलगी पुढे आली. तिनं विचारलं, की श्वास रोखला तर असं होते का. मॅडम म्हणाल्या, हो, श्वास कोंडून जोर लावला की पायाकडून वर येणारं रक्त पोटाशी अडतं. मुलीनं वडिलांकडे पाहिलं, मग मॅडमकडे. म्हणाली, "आमचे बाबा खोटं बोलायच्या वेळी श्वास धरतात."

सेलूत हे सगळ्यांना ठाऊक होतं म्हणे. 'इतक्यात परवडत नाही' असं सांगताना हे श्वास धरायचे आणि जुनी गिऱ्हाइकं शांतपणे तो सुटायची वाट पाहायची.

मॅडमचे डोळे चमकले. त्यांनी प्रोब परत ठेवला. "काका, डावा पाय दुखतो?" नाही, म्हणाले ते, सहज. शीर काळी. "आणि उजवा?" शांतता. शीर फुगली, खालून धूर उठला, आळोखेपिळोखे देत पडदाभर पसरला. "सोडा श्वास." धूर सुर्रकन वर ओढला गेला. काळं. मॅडमनी मशीनचा वेग उतरवून रंग लावला, तर तोच रस्ता निळाशार वाहताना दिसला. मग डाव्या मांडीवर प्रोब ठेवून त्यांनी पुन्हा उजव्या पायाबद्दल विचारलं, तर न दुखणाऱ्या डाव्यातही तसाच धूर.

इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण असं यंत्र मी पुन्हा पाहिलं नाही. पोलिसांकडे सुद्धा नसेल.

मुलीनं वाकून वडिलांच्या डोळ्यांत पाहिलं आणि शिक्षिकेच्या आवाजात विचारलं, "बाबा, तुम्ही इथं काऊन आलते?"

कोणीही त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. सगळे पडद्याकडे पाहत होते, दाराशी उभी बायकोसुद्धा. धूर आला. वळला. दाट झाला. मग एकदम मोठा उसासा, आणि पडदा काळा.

"या पोट्ट्याले पाह्यले आलतो," ते म्हणाले.

पुढचा अर्धा तास मी नेमका कुठे उभा होतो ते आठवत नाही. इतकं आठवतं की मॅडम पाठ करून हसत होत्या. बायको नवऱ्याला बोलत होती आणि नवरा मला. काचेचा ग्लाससुद्धा आपण ठोकून घेतो, अन् ह्यानं माणूस ठोकला नाई, असं काहीतरी. पोटावर इंजेक्शनचा निळा डाग पडला होता, तो ते मला पुन्हा पुन्हा दाखवत होते. मी माफी मागितली. मागताना माझाच श्वास अडकत होता. मॅडमनी नवा रिपोर्ट स्वतः लिहिला, कालचा फाडला आणि ते दोन तुकडे माझ्या हातात ठेवले. वरच्या मजल्यावर जाऊन फिजिशियनना मीच सांगायचं, हेही ठरवून टाकलं. मी सांगितलं. त्यांनी आधी विटा काढायला लावल्या.

नवसाचा प्रश्न मात्र राहिला. आजारच नव्हता तर नारळ कशाचे, असं पाहुण्यांचं म्हणणं. बायकोचं म्हणणं, की काल होता, आज नाही, यालाच बरं होणं म्हणतात. देवानं रिपोर्ट वाचला नसेल. एकवीस नारळ केळझरला गेले. त्यातला एक प्रसाद म्हणून माझ्या टेबलावर आला, चिठ्ठीशिवाय.

मावशीला मी शुक्रवारीच सगळं सांगून टाकलं. देवमाणूस मीच, हे सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला, की तिनं तीनदा विचारलं, कोण, कोण. मग ती अर्धा तास हसली, पदर तोंडात कोंबून, आणि मग गंभीर होऊन म्हणाली की हे स्थळ गेलं. मलाही तेच वाटत होतं. ज्या धडधाकट माणसाला मी विटांवर टांगलं, तो मला मुलगी देईल तर कशावर? शनिवारचा दिवस मी मशीनच्या त्या वेगाच्या बटणाकडे पाहत काढला. शनिवारी दुपारी आलेल्या प्रत्येक पेशंटची, कशासाठीही आलेला असो, मी शीर दाबून पाहिली. घसादुखीवाल्या बाईंनी तर तक्रार केली.

आणि रविवारी ते आले. रद्द केलेला कार्यक्रम कोणी परत ठरवला मला आजतागायत नीट कळलेलं नाही. पाहुणे स्वतःच्या पायांनी, जरा जास्तच ठणठणीत चालत, मावशीच्या फाटकातून आत आले. त्यांच्यामागे बायको, मुलगी आणि ते काका. पोहे झाले, कोथिंबिरीची सांबारवडी झाली. पाहुण्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांच्या दृष्टीनं त्यांची तपासणी पूर्ण झाली होती. काकांनी मात्र विचारलं, पगार वगैरे नाही, तर मशीन चालू करता येतं ना नीट. मुलीची आई ओशाळली.

मावशीनं आम्हा दोघांना बोलायला मागच्या व्हरांड्यात पाठवलं. तिथला कूलर इतका खडखडत होता की बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडलं की पुढच्या खोलीत सगळं ऐकू जाणार. कूलर बंद केला तर उकाड्यानं जीव जाणार. मी आवाज चढवून म्हटलं, की झाली ती चूक फार मोठी होती, बाबांना विनाकारण त्रास झाला, तुम्ही नाही म्हणालात तर मला वाईट वाटेल पण राग येणार नाही.

तिनं थोडा वेळ माझ्या छातीकडे पाहिलं. श्वास चालू आहे की नाही ते पाहत होती, हे मला नंतर कळलं. चालू होता, बहुतेक जोरात.

मग तिनंही आवाज चढवला, अगदी मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. पुढच्या खोलीतली कपबशांची किणकिण थांबली.

"माझ्याकडून हो आहे. पण आमच्या घरात कोणी बिमार पडलं, तर तुम्ही फक्त ऑटो बोलवायचा."